मैदानाबाहेरची शिक्षा

संभाजी इंगवले यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. चूक माझी होती, हे मी आज तीस वर्षांनी कबूल करतो. झाशीच्या आमच्या इंजिनिअरिंग कारखान्याचा फुटबॉल संघ होता आणि मी त्याचा हौशी व्यवस्थापक. सामना सुरू व्हायच्या आधी खेळाडूंची यादी रेफरीकडे द्यायची असते. मी दिलेल्या यादीत आमच्या एका खेळाडूचा नंबर सात लिहिला होता आणि त्याच्या पाठीवर होता सतरा. इंगवले शिट्टी हातात धरून उभे राहिले, वाजवीनात.

"कागदावर सात आहे, पाठीवर सतरा आहे. यातलं एक खोटं आहे. कोणतं ते तुम्ही ठरवा, मग सुरू करू."

मी त्यांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "अहो, जाऊ द्या ना. आपण दोघं मराठी माणसं."

"मैदानात मी मराठी नाही," ते म्हणाले. "बाहेर आलो की चहा पाजा."

मी यादी दुरुस्त केली, सामना हरलो आणि चहाही पाजला. त्या चहानंतर आमची दोस्ती जमली ती आजतागायत. तरी सांगून ठेवतो, त्यांनी मला त्या दिवशी लोकांसमोर उभं केलं त्याचा राग माझ्या मनातून पुरता गेलेला नाही.

इंगवले मूळचे कोल्हापूरचे. तिथे पेठेपेठेत फुटबॉल खेळतात आणि सामन्याच्या दिवशी सख्खे भाऊही एकमेकांशी बोलत नाहीत, असं तेच सांगतात. अठराव्या वर्षी फौजेत गेले, तिथे खेळले, गुडघा गेला, मग रेफरीची परीक्षा दिली. शेवटची पोस्टिंग झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या कारखान्यात सुरक्षा विभागात लागले. सीपरी बाजारात दोन खोल्यांचं घर बांधलं. हौसाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, गावाहून आल्या त्या जातं आणि कांडप मिरची घेऊनच. इथली माणसं त्यांना 'इंग्ले जी' म्हणत, पोरं मागून 'इंग्लैंड जी' म्हणत. त्यांना दोन्ही चालायचं.

न चालणारी गोष्ट एकच होती. रिपोर्टात लिहिलेला शब्द बदलायचा नाही. सामना संपला की रेफरी जो अहवाल लिहितो, त्यावर खेळाडूंच्या शिक्षा ठरतात. बबिन्याला असताना एका मोठ्या साहेबाने त्यांना बोलावून घेतलं होतं. त्या साहेबाच्या लाडक्या खेळाडूने समोरच्याला कोपर मारलं होतं. 'कोपर मारलं' ऐवजी 'कोपर लागलं' एवढंच लिहा, साहेब म्हणाला. दोन अक्षरांचा तर फरक. इंगवल्यांनी सलाम ठोकला आणि म्हणाले, "सर, मी पाहिलं ते लिहिलं. आता ते कागदाचं आहे, माझं नाही." पुढची दोन वर्षं त्यांना महत्त्वाचा एकही सामना मिळाला नाही. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही. हौसाबाईंनी सांगितली, तीही ते घरात नसताना.

आता त्यांच्या हिंदीबद्दल बोललं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. आमचं घराणं झाशीत पाच पिढ्यांचं. आमची मराठी निम्मी हिंदी झालेली, माझ्या नातवंडांना तर ती नुसती कळते. इंगवले माझ्या मराठीला हसायचे. पण त्यांची स्वतःची हिंदी म्हणजे कोल्हापूरची मराठी, शेवटी फक्त 'है' लावलेली. एकदा एका खेळाडूला ते दरडावून म्हणाले, "मेरे को राग आ रहा है." हिंदीत राग म्हणजे गाण्यातला. तो पोरगा भाबडेपणाने म्हणाला, "कौन सा वाला, सर?" सगळं मैदान हसलं. मी तर खाली बसून हसलो.

त्यांच्या रेफरीपणाचं शेवटचं वर्ष होतं, दोन हजार नऊ. मुलींच्या जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना, झाशी विरुद्ध मोठ, म्हणजे कानपूर रस्त्यावरचं आमच्याच जिल्ह्यातलं एक गाव. मोठच्या संघात तारा कुशवाहा नावाची सतरा वर्षांची मुलगी बचावफळीत खेळायची. वडील तिथल्या मंडीत भाजीपाला विकायचे. मुलगी अंगाने किरकोळ, पण तिला चुकवून पुढे जाणं कोणाला जमत नव्हतं. सामना संपायला चार मिनिटं असताना तिने गोलसमोर एकीला पाडलं. इंगवल्यांनी पेनल्टी दिली. तारा भांडायला आली. त्यांनी पिवळं कार्ड दाखवलं, ती आणखी भांडली. त्यांनी लाल कार्ड वर केलं.

मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. तिने उडी मारून ते कार्ड त्यांच्या हातातून ओढलं, दोन पावलं मागे झाली आणि तेच कार्ड त्यांनाच दाखवलं. वर म्हणाली, "काए, तुमसें गलती नईं हो सकत? तुम जाओ बाहर."

प्रेक्षक इतके हसले की भेळवाल्याने गाडी सोडून मैदानाकडे धाव घेतली. इंगवले हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. तीस वर्षं शिट्टी वाजवलेल्या माणसाला, निवृत्तीच्या तोंडावर, एका पोरीने मैदानाबाहेर काढलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी रिपोर्ट लिहिला. मी तेव्हा जिल्हा रेफरी मंडळाचा मानद सचिव होतो. रिपोर्ट माझ्यामार्फत शिस्तपालन समितीकडे जायचा, आणि तो वाचून पाठवणं माझं काम होतं. पण घरात पुतणीच्या लग्नाची धांदल होती. मी पाकीट न उघडता पुढे धाडलं. तेव्हा या गोष्टीत दुसरी चूकही माझीच आहे.

समितीची बैठक बड्या बाजाराजवळच्या एका शाळेत भरली. अध्यक्ष होते एक निवृत्त प्राचार्य, जन्मभर हिंदी शिकवलेले, धोतर नेसणारे. समोर बाकावर तारा आणि तिचे वडील. वडिलांनी गमछा दोन्ही हातांत धरून ठेवला होता. दोन वर्षांची बंदी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बंदी आली की खेळातून मिळणारी कॉलेजची जागा जाणार होती, आणि घरी लग्नाची बोलणी आधीच सुरू झाली होती.

अध्यक्षांनी चष्मा लावून रिपोर्ट मोठ्याने वाचला. घटना वाचली, कपाळाला आठ्या पडल्या. मग शेवटचं वाक्य आलं: "इस खिलाड़ी को दो साल मैदान के बाहर रखकर कड़ी शिक्षा दी जाए. इसकी पूरी ज़िम्मेदारी मैं लेता हूँ."

अध्यक्षांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. त्यांचा आवाज बदलला.

"वाह," ते म्हणाले. "जिसका अपमान हुआ, वही कह रहा है कि बच्ची को दंड नहीं, शिक्षा दो. और ज़िम्मेदारी भी ख़ुद ले रहा है. चालीस साल पढ़ाया मैंने, ऐसा वाक्य नहीं लिख पाया."

मी इंगवल्यांकडे पाहिलं. त्यांना काही कळलेलं नव्हतं. मान डोलावत होते. मी त्यांच्या कानाशी लागलो.

"अहो, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तुम्ही तिला शिकवणार आहात असं लिहून दिलंय तुम्ही."

"काय?"

"दोन वर्षं. मैदानाबाहेर. जबाबदारी तुमची."

ते ताडकन उठले. "अध्यक्षजी, एक मिनट. इस शब्द का…"

आणि तेवढ्यात ताराचे वडील उठून आले आणि त्यांच्या पायाशी वाकले. नुसते वाकून राहिले. इंगवल्यांनी त्यांना धरून उभं केलं. मग बाकाकडे पाहिलं. तारा तिथे बसून त्यांच्याकडे बघत होती. रडत नव्हती. आपल्याला नेमकं काय मिळालं याचा अंदाज घेत होती.

अध्यक्ष म्हणाले, "कहिए इंग्ले जी, कुछ बदलना है?"

मला वाटलं, आता हा माणूस सांगणार. खोटं याला पचत नाही. इंगवल्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्या बापाकडे पाहिलं.

"नहीं," ते म्हणाले. "रिपोर्ट में जो लिखा है, वही रहेगा."

बंदी टळली आणि तारा दोन वर्षांसाठी इंगवल्यांच्या पदरात पडली. घरी येताना स्कूटरवर मागे बसून त्यांनी मला विचारलं, "अशोकराव, मी खोटं बोललो का?"

"छे. तुम्ही बोललातच कुठे."

"त्येच म्हंतोय मी," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी तारा मोठहून कानपूर रस्त्याच्या बसने आली. अंगावर शाळेचा गणवेश, हातात कोरी वही. इंगवल्यांनी तिला नियमांचं पुस्तक दिलं आणि म्हणाले, "पढ़ो." त्यांना वाटलं होतं, दोन रविवार येईल, कंटाळेल. ती येतच राहिली. हौसाबाईंच्या फरशीवर सुपाऱ्या मांडून ते तिला ऑफसाइड समजावत आणि हौसाबाई आतून ओरडत, "आधी जेवू द्या तिला, मग तुमचं ऑफसाइड." मोठची ती शाकाहारी घरातली मुलगी तांबड्या रश्शाला शिवायची नाही, पण भाकरी आणि खर्डा असा हाणायची की हौसाबाईंनाच पाणी पिऊन घ्यावंसं वाटे. इंगवले तिला कारखान्याच्या मैदानावर पळवत. मागे चालायला शिकवलं, खेळाकडे तोंड ठेवून तिरकं पळायला शिकवलं, शिट्टी केव्हा लांब वाजवायची आणि केव्हा तोकडी, ते शिकवलं. एका रविवारी तिने वही मिटली आणि आपण होऊन म्हणाली, "सर, वो पेनल्टी ही थी." इंगवले म्हणाले, "हूँ." त्या दिवशी ते मला मिठाई घेऊन भेटायला आले आणि मिठाई कशाबद्दल ते मात्र सांगेनात.

दोन वर्षांनी तिने रेफरीची जिल्ह्याची परीक्षा दिली. मग राज्याची. बबिन्याला जवानांच्या सामन्यात शिट्टी वाजवायला उभी राहिली तेव्हा धिप्पाड जवान खाली मान घालून तिचं ऐकत होते. इंगवले कुंपणाबाहेर उभे होते, हात पाठीमागे बांधून. मला म्हणाले, "बघा, कुठं उभी राहते बघा. बॉल तिच्या आणि लाइन्समनच्या मधी. हे शिकवून येत नाही." शिकवलं त्यांनीच होतं. पण अभिमानाने फुगलेल्या माणसाला डिवचण्यात मजा नसते.

आणि मागच्या वर्षी तिचं नाव राष्ट्रीय पंचांच्या यादीत आलं. झाशीत सत्कार ठरला. निमंत्रणपत्रिका छापली गेली आणि इंगवले ती घेऊन सकाळीच माझ्या दारात उभे. वय अडुसष्ट, पण चाल अजून फौजेची. पत्रिका त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. तिच्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'जब सबने दंड माँगा, गुरुजी ने शिक्षा माँगी.'

"हे मी केलेलं नाही," ते म्हणाले.

"केलंत की. दोन वर्षं भाकरी घालून शिकवलंत."

"ते वेगळं. मी दंडच मागितला होता. दोन वर्षं बाहेर बसवा म्हणून लिहिलं होतं. हा गोल माझा नाही, अशोकराव, आणि बोर्डावर माझ्या नावानं लागलाय. पंधरा वर्षं लागलाय."

"मग काय करणार?"

"सांगणार."

मी चिडलो. खरंच चिडलो. म्हटलं, तुमच्या खरेपणाची खाज भागवायला त्या पोरीच्या सत्काराची माती करू नका. तिचे वडील मोठच्या मंडीत ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. म्हातारा आता थकलाय. ज्या माणसाला त्याने देव मानलं, तोच आपल्या मुलीला हाकलायला निघाला होता, हे त्याने हजार लोकांत ऐकायचं? आणि ताराने काय करायचं? ज्या वाक्यावर तिने आपलं आयुष्य उभं केलं, ते वाक्यच नव्हतं हे कळल्यावर?

इंगवले ऐकून घेत होते. हौसाबाईंनीही घरी हेच सांगितलं होतं म्हणे. सांगायचंच तर तिला एकटीला बोलावून सांगा, असं त्या म्हणाल्या होत्या.

"रिपोर्ट चारचौघांत वाचला गेला," ते म्हणाले. "दुरुस्तीबी चारचौघांत व्हायला पायजे." मग म्हणाले, "ती माझ्या घरी यायची बंद झाली तर हौसाला मी काय सांगू, ते मला कळत नाही." इतक्या वर्षांच्या दोस्तीत त्यांना घाबरलेलं मी तेवढंच पाहिलं.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत जिल्ह्यातले सगळे रेफरी, त्यांच्या शेजारी नवा सदरा घातलेले ताराचे वडील. मंचावर तारा, काळ्या ब्लेझरमध्ये, छातीवर बिल्ला. निवेदकाने पत्रिकेवरचं ते वाक्य तीनदा म्हटलं आणि तीनदा टाळ्या घेतल्या. मग गुरुजींना दोन शब्द बोलायला सांगितलं.

इंगवले उठले. माईकसमोर सावधान उभे राहिले आणि सगळं सांगितलं, त्यांच्या त्याच हिंदीत.

"मेरी मराठी में शिक्षा बोले तो दंड होता है. मैंने दंड ही लिखा था. दो साल का. अध्यक्षजी को दूसरा अर्थ लगा. मीटिंग में मेरे को मालूम पड़ गया था, फिर भी मैं चुप बैठा. इतने साल चुप बैठा. यह लड़की अपनी मेहनत से यहाँ आई है. मेरा उसमें जो बड़प्पन छापा है, वह गलत छापा है. आप लोग उसको काट दीजिए."

निवेदक हातातला कागद चाळू लागला. ताराच्या वडिलांनी मान खाली घातली. मी मनातल्या मनात इंगवल्यांना शिव्या घातल्या आणि त्याच क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. अडुसष्टाव्या वर्षी, मिळालेला मान असा सगळ्यांसमोर परत करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तारा उठली. दुसरा माईक हातात घेतला आणि बोलली ती मराठीत. तीही हौसाबाईंची मराठी, कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो' म्हणतात तशी.

"सर, मी तुमच्या घरी दोन वर्षं जेवलो," ती म्हणाली. "तिसऱ्या रविवारी तुम्ही गॅसवरचं दूध उतू घालवलं. काकू म्हणाल्या, याची शिक्षा म्हणून आज सगळी भांडी तुम्ही घासायची. तुम्ही उठला आणि घासलीत. तवाच मला कळलं शिक्षा म्हणजे काय ते. मी घरी जाऊन रडलो. चौथ्या रविवारी येणार नव्हतो."

मागे काही जणांना मराठी येत होती, ते हसले. बाकीच्यांनी एकमेकांना विचारायला सुरुवात केली. तारा हिंदीवर आली.

"फिर सोचा, सर उस दिन मीटिंग में खड़े तो हुए थे. एक शब्द कहना था, बस. पिताजी को देखा और नहीं कहा. जो आदमी रिपोर्ट का अक्षर नहीं बदलता, उसने मेरे लिए अपने शब्द का मतलब बदल जाने दिया. तो मैं चौथे रविवार भी आ गई." ती वडिलांकडे वळली. "पिताजी को भी उसी हफ़्ते बता दिया था. बे सब जानत हैं."

म्हाताऱ्याने मान वर केली. तो हसत होता. "हओ," तो खालूनच म्हणाला. "पैलें सें जानत."

इंगवले माईकसमोर तसेच उभे. "लेकिन गलती तो हुई थी," ते म्हणाले. "फाउल तो है."

ताराने माईक खुर्चीवर ठेवला. सरळ उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे करून वर उचलले, खेळत राहा अशी खूण करताना रेफरी उचलतो तसे. ॲडव्हांटेजची खूण आहे ती. फाउल झालेला रेफरीला दिसलेला असतो, पण शिट्टी मारून खेळ थांबवला तर ज्याच्यावर फाउल झाला त्याचंच नुकसान होणार असतं, म्हणून तो खेळ थांबवत नाही.

पहिली रांग आधी उठली, कारण ती खूण त्यांना सांगावी लागली नाही. मग सगळं सभागृह उठलं. इंगवल्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. पुढे काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पंचाने दिलेल्या निर्णयावर त्यांनी जन्मात कोणाला हुज्जत घालू दिली नव्हती. त्यांनी तोंड मिटलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.